जुन्या गाडीचा क्लच : नुसती प्लेट बदलून भागेल का?

तुम्ही लिहिलंय की साठच्या दशकातली गाडी पुन्हा उभी करताय, इंजिनचं काम झालंय, पण चढावर क्लच स्लिप होतो आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. मग नुसती क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती) बदलली तर चालेल का? थेट उत्तर द्यायचं तर नाही. आणि कारण तुमच्याच प्रश्नात आहे.

स्लिप होणं आणि करकरणं या दोन उलट तक्रारी आहेत. पहिलीत क्लच नीट धरत नाही, दुसरीत तो नीट सुटत नाही. एकच प्लेट झिजून दोन्ही होणं अवघड. प्लेटवर तेल आलं असेल तर मात्र होऊ शकतं, कारण तेलकट प्लेट घसरतेही आणि चिकटतेही. नाहीतर मग तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आलेत. (रिव्हर्सलाच आधी का कळतं? बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग जुळवून देणारी यंत्रणा, नसतो, त्यामुळे क्लच जरासा अडकला तरी तो लगेच चुगली करतो.)

मी हे स्वतःच्या घामाने शिकलो. माझ्या पहिल्या गाडीत प्लेट, तिला फ्लायव्हीलवर (इंजिनच्या जड चाकावर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती उचलणारं रिलीज बेअरिंग असं सगळं नवं घातलं. दोन शनिवार-रविवार गिअरबॉक्सखाली पाठीवर पडून काढले. स्लिप गेली, करकर जशीच्या तशी. शेवटी दोष सापडला तो पेडलजवळ. मास्टर सिलिंडरच्या (पेडलजवळचा, तेल दाबणारा पंप) दांड्याला पेडलशी जोडणारी पिन निम्मी झिजली होती आणि पेडलचं भोक लंबगोल झालं होतं. पेडलचा बराचसा प्रवास ती मोकळी जागा भरण्यातच संपत होता. प्रेशर प्लेट उचलायची असते फक्त दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणून एवढीशी चोरीसुद्धा तिला भारी पडते.

तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक मोजमाप घ्या. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि स्लेव्ह सिलिंडरचा (त्या तेलाच्या दाबाने क्लच हलवणारा, गिअरबॉक्सजवळचा) दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजा. तो आकडा गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. कमी भरला तर पिना, भोकं, सिलिंडरमधले रबर, आतून फुगलेला जुना होज, लाइनमधली हवा यांपैकी काहीतरी आहे, आणि त्यातल्या कशासाठीही गिअरबॉक्स खाली घ्यावा लागत नाही. क्लच तेलाऐवजी केबलने चालत असेल तर केबलचं बाहेरचं आवरण दाबलं जातंय का, तिचा टेकू वाकतोय का ते बघा. ब्रेक ऑइल (क्लचच्या लाइनमध्येही तेच असतं) ओतताना जपा; नेहमीचं डॉट 3 किंवा डॉट 4 रंग उखडून काढतं, आणि तुम्ही नुकताच रंग दिला असेल तर रडू येईल. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळू नका.

आवाजही ऐकून घ्या. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल मोकळं असताना आवाज आहे आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्सात जाणारा दांडा) बेअरिंग.

एवढं झालं की मग उतरवा. प्रेशर प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर एकाच रेषेत खूण करा. आणि आत दिसणारी धूळ फुंकू नका, एअर गनने तर मुळीच उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असायचं. युरोपियन संघात त्यावर पूर्ण बंदी आली ती 2005 मध्ये, त्यामुळे कपाटात पडून राहिलेला 'नवा कोरा' जुना माल हाताळतानाही हीच काळजी. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आता जुनी प्लेट उजेडात धरा, हा माझा सगळ्यात आवडता भाग. रिव्हेट पृष्ठभागाला टेकायला आले असतील तर ती आयुष्य जगून संपली, तक्रार नाही. काचेसारखी काळी चकाकी असेल तर तेल. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या चिरा असतील तर कुणीतरी चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवत होतं. मधल्या हबच्या स्प्रिंगा बोटाने हलल्या किंवा हब फाटलेला दिसला, तर मागच्या वेळी कुणी गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळत ठेवलं असणार. कारण न शोधता नवी प्लेट घातली तर सहा महिन्यांनी तीही तसंच काहीतरी सांगेल.

तेल निघालं तर ते कुणाचं ते ओळखा. काळं आणि पातळ असेल तर इंजिनचं. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास येणारं असेल तर गिअरबॉक्सचं. बऱ्याच जुन्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सील नसतंच, तिथे आटे पाडलेले असतात आणि फिरताना ते तेल परत आत ढकलतात. अशा इंजिनाचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल मागून बाहेर येतं. म्हणून आधी ब्रीदर साफ करा. काही ब्रिटिश गाड्यांत बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाच्या, गळलेलं तेल बाहेर सोडणाऱ्या भोकात एक कॉटर पिन सैल लोंबत असते. ती कुणाची विसरलेली नाही; हलत राहून भोक मोकळं ठेवणं हेच तिचं काम. फेकू नका.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदला, एकाच सेटमधले. हा पैसे उडवण्याचा सल्ला नाही, गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मेहनत वाचते. शिवाय जुनी प्रेशर प्लेट तीन बोटांची, गुंडाळीच्या स्प्रिंगांची असेल आणि नवी डायफ्रॅमची (एकाच ताटलीसारख्या स्प्रिंगची) मिळाली, तर बेअरिंग टेकण्याची उंची बदलू शकते. जुनं बेअरिंग मग नीट बसेलच असं नाही. नवा भाग आला की जुन्याशेजारी ठेवून व्यास आणि हबचे दाते मोजा. साठ वर्षांत कुणी गिअरबॉक्स बदलला असेल तर मॅन्युअल काय म्हणतं याला अर्थ उरत नाही. प्लेट कुठेच मिळाली नाही तर जुन्याच प्लेटवर नवं लायनिंग रिव्हेट करून देणारे कारागीर असतात, म्हणून जुना भाग शेवटपर्यंत जपून ठेवा.

फ्लायव्हीलला चिरा किंवा खाचा असतील तर लेथवर किंवा ग्राइंडरवर घासून घ्या. प्रेशर प्लेट बसते ती कड वेगळ्या पातळीवर असेल तर तीही तेवढीच उतरवायला सांगा, नाहीतर दाब कमी पडतो आणि पुन्हा स्लिप.

लोक हमखास विसरतात तो पायलट बुश. क्रँकच्या टोकातला, इनपुट शाफ्टचं पुढचं टोक पेलणारा हा छोटा बुश झिजला की क्लच सुटत नाही, म्हणजे तुमची करकर. काढायची युक्ती जुनीच आहे: भोकात ग्रीस ठासून भरा, नेमक्या व्यासाचा दांडा घालून हातोडीने ठोका. ग्रीसला जायला जागा नसते, बुश मागून ढकलला जाऊन बाहेर येतो. नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. त्याला रीमर (भोक घासून मोठं करणारं हत्यार) लावू नका, छिद्रं बुजतात.

काही गाड्यांचं रिलीज बेअरिंग हे बेअरिंग नसतंच, कार्बनचा ठोकळा असतो. त्याला वंगण लागत नाही, पण सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलात तर तो पेन्सिलसारखा झिजतो.

जोडताना प्रेशर प्लेटवरचा गंज न लागण्यासाठीचा तेलकट थर ब्रेक क्लीनरने पुसून काढा. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा तिच्यावर लिहिलेली असते. जुना इनपुट शाफ्ट किंवा टेप गुंडाळून जाड केलेला लाकडी दांडा घालून ती मधोमध आणा आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. दात्यांवर ग्रीस नुसतं पुसल्याइतकं. गिअरबॉक्स चढवताना डोकी कापलेले दोन लांब बोल्ट वाट दाखवायला लावा, म्हणजे वजन हबवर येत नाही.

पहिले काही दिवस थोडा वास येईल, घाबरू नका. चढावर किती ओढतो ते बघायचा मोह होईल, पण लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसेपर्यंत, निदान काहीशे किलोमीटर, ती परीक्षा घेऊ नका. आणि पेडलचा प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) आठवड्याभराने पुन्हा तपासा.