कॉम्प्युटर नव्हता तेव्हा हिट पॉप अल्बम रेकॉर्ड आणि मिक्स कसे करायचे?

कॉम्प्युटरशिवाय एवढी वाद्यं आणि आवाज एकत्र कसे बसवायचे, आणि चूक झाली तर काय करायचे, असं तुम्ही विचारलंय. मी १९९० च्या आसपास बेळगावात, खडेबाजारातल्या एका कॅसेटच्या दुकानात चार वर्षं कामाला होतो. मोठा स्टुडिओ मी वाचून आणि ऐकून समजून घेतला, टेप मात्र हातानं शिकलो. म्हणून टेपपासूनच सुरू करतो.

सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं डेकचे हेड, म्हणजे टेप ज्यांना घासून जाते ते आवाज भरणारे-वाजवणारे भाग, पुसायचे. कापूस तपकिरी व्हायचा. मला ती धूळ वाटली होती. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते म्हणाले, "धूळ नव्हे रे, टेपवरचा मसाला आहे तो. गाणं त्यातच असतंय."

प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साईडचा पातळ थर, एवढीच टेप. आपल्या कॅसेटमधली पट्टी जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणारी. स्टुडिओतली टेप दोन इंच रुंद, तिच्यावर शेजारी शेजारी २४ ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज भरायच्या समांतर पट्ट्या, आणि वेग सेकंदाला १५ किंवा ३० इंच. ३० इंचांवर अडीच हजार फुटांचं अख्खं रीळ साधारण साडेसोळा मिनिटांत संपतं.

काम थरांनी चालायचं. आधी ड्रम, बेस, गिटार एकत्र वाजवून पाया घालायचा. मग तोच पाया हेडफोनवर ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर गायचं, तिसऱ्यावर कोरस, चौथ्यावर सोलो. हे जुनं ऐकणं आवाज भरणाऱ्या रेकॉर्ड हेडवरूनच करावं लागे, कारण वाजवणारं प्ले हेड थोडं पुढं असतं आणि त्यावरून ऐकलं तर नवीन आवाज मागे पडतो. चूक झाली तर टेप मागे घेऊन नेमक्या त्या शब्दाला रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि शब्द संपताच सोडायचं. बोट जरा लांबलं की पुढचा चांगला शब्दही पुसला. ब्लेडनं टेप तिरकी कापून दोन चांगले तुकडे जोडणं हाही रोजचाच प्रकार.

आता खरी गोम. प्रत्येक थरासाठी तीच टेप पुन्हा हेडवरून जाते आणि प्रत्येक फेरीत थोडी थोडी झिजते. त्यात आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात. सेकंदाला १५ इंचांच्या वेगात १० हजार हर्ट्झची एक लहर टेपवर ३८ मायक्रॉनची असते, केसापेक्षा बारीक. कॅसेटवर तर पाच मायक्रॉनसुद्धा नाही. एवढी छोटी लहर थराच्या वरच्या सालीतच असते. साल गेली की ती गेली.

फ्लीटवुड मॅक या बँडच्या 'रूमर्स' अल्बमला नेमकं हेच झालं. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटोत त्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं. महिनोन् महिने त्याच टेपवर थर चढत गेले आणि एक दिवस लक्षात आलं की ड्रमचा आवाज मेलाय. नशीब असं की सुरुवातीला दोन मशीनवर एकाच वेळी रेकॉर्डिंग केलं होतं, त्यामुळं पायाची दुसरी टेप जवळजवळ न वापरलेली शिल्लक होती. नंतरचे सगळे थर त्या टेपवर उतरवायचे ठरले. पण दोन मशीन जुळवून एकत्र पळवायची सोय नव्हती. मग हेडफोनच्या एका कानात जुन्या टेपचे ड्रम, दुसऱ्या कानात न वापरलेल्या टेपचे, आणि वेगाच्या बटणावर हात ठेवून दोन्हीकडचे हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजा, एकावर एक बसवत नेले. १९७७ च्या फेब्रुवारीत अल्बम आला, पुढं त्याला ग्रॅमीही मिळालं. ही गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला, त्याचं कारण शेवटी सांगतो.

मिक्सिंग म्हणजे हे २४ ट्रॅक दोनावर, डाव्या आणि उजव्या बाजूवर, आणणं. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती बटणं; त्यांच्याखाली कागदी पट्टी चिकटवून त्यावर वाद्यांची नावं लिहायची, टेप सोडायची, आणि गाणं चालू असताना फेडर हलवायचे. दोन हात पुरले नाहीत तर शेजारचा माणूसही बसायचा. एक फेडर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' अल्बमच्या वेळी साऊंड इंजिनिअर ब्रूस स्वीडीन यांनी 'बिली जीन' गाण्याची ९१ मिक्स केली आणि शेवटी त्यातलं दुसऱ्या क्रमांकाचंच वापरलं, हे त्यांनीच सांगितलंय. त्याच अल्बमच्या तबकडीच्या बाजू आधी फार लांब झाल्या होत्या. लांब बाजूची खाच उथळ होते, आवाज दबतो. म्हणून गाणी कापून पुन्हा मिक्स केली.

आमच्याकडं २४ ट्रॅक कुठले! येळ्ळूरच्या एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आम्ही देवळात केलं, दोन माईक आणि एक डेक. मिक्सिंग जे काय ते माणसं बसवतानाच. बुवा माईकजवळ, पेटी जरा बाजूला, मृदंग त्यामागं, आणि टाळकरी पार भिंतीपाशी, कारण टाळ सगळ्यांना गिळतात. तासभर माणसं हलवली, पण आवाज असा बसला की अण्णा खूश झाले.

मग आषाढी आली आणि मागणी वाढली. मी त्या एकाच मूळ कॅसेटवरून रोज कॉप्या काढत राहिलो. आधी एक चांगली कॉपी काढून तिच्यावरून पुढं जावं, हे सुचलं नाही. महिन्याभरानं बुवा दुकानात आले, नवी कॅसेट लावून ऐकली आणि म्हणाले, "टाळ कुठं गेले रे बाळा? नुसता मृदंगच ऐकू यायलाय की." मूळ कॅसेट लावली, त्यातही टाळ बोथट. हेडचा कोन बदलणारा स्क्रू फिरवून बघितला, थोडंसं उजळलं, पण तो खणखणाट काही आला नाही. बुवांनी रागाचा एक शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.

'रूमर्स'ची गोष्ट वाचल्यावर मला वाटलं, आपल्याकडंही एक न झिजलेली टेप असणारच: मी काढलेली पहिली कॉपी. मूळ कॅसेट ताजी असताना निघालेली. पहिल्या दिवशीच्या कॉप्या मंडळातल्याच लोकांनी नेल्या होत्या, म्हणून येळ्ळूरला जाऊन घरोघर विचारलं. एका टाळकऱ्याच्या सुनेनं ट्रंकेतून काढून दिली, वर माझ्याच अक्षरात '१' लिहिलेलं. फारशी वाजवलेली नव्हती. मागं थोडी सरसर आहे, पण टाळ भिंतीपाशी जसे वाजले होते तसे आहेत. कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीय आणि कॅसेट त्यांची त्यांना परत दिली.