मागच्या फळीत गेलेल्या मुलीस पत्र

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. प्रशिक्षकांनी तुला मधल्या फळीतून काढून सेंटर बॅकच्या, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागच्या, जागी उभे केले, ही तुला शिक्षा वाटते आणि खेळच सोडावा का, असे तू विचारतेस. तुझ्या गुणवत्तेविषयी मी काही लिहिणार नाही. ती तुला ठाऊक आहे आणि मलाही. त्यापेक्षा निल्ला फिशर या स्वीडिश फुटबॉलपटूविषयी लिहिते.

२०११ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात स्वीडनने कांस्यपदक मिळवले, तेव्हा फिशर मधल्या फळीत खेळत असे. त्या संघाचे प्रशिक्षक होते थॉमस डेनरबी. पुढे त्यांनीच भारतीय महिला संघाची सूत्रे घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबईत आशिया चषकासाठी आपल्या मुलींना मैदानात उतरवले, त्यामुळे हे नाव तुझ्या कानावरून गेले असेल. स्वीडनमध्ये त्यांच्यानंतर पिया सुंधागे आल्या आणि त्यांनी फिशरला मागे, बचावाच्या मध्यभागी नेले. त्या वेळी ती अठ्ठाविशीत होती आणि दहा वर्षांहून अधिक काळ राष्ट्रीय संघात होती. इतक्या वर्षांनी तिने नवी जागा शिकायला घेतली, आणि तू ऐन उमेदीत ‘आता काय उरले’ असे लिहितेस, याचा मला राग येतो.

मिळालेली जागा आधी पुरती शिकून घे, मग तिच्याविषयी बोल. माझे म्हणणे एवढेच आहे.

मागे गेले की गोल करणे संपले, असे तू लिहिले आहेस. २०१३ ची युरोपीय स्पर्धा स्वीडनमध्येच झाली. डेन्मार्कशी १-१ अशी बरोबरी झाली, त्यातला स्वीडनचा गोल फिशरचा होता. फिनलंडला ५-० असे हरवले, त्यात तिचे दोन गोल होते. बचावपटूने दोन सामन्यांत तीन गोल केले! त्याच वर्षी ती जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग क्लबकडे गेली आणि पुढच्याच वर्षी लिस्बनच्या अंतिम सामन्यात टिरेसो या स्वीडिश क्लबला ४-३ असे हरवून चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होती. तिथेच ती कर्णधार झाली आणि तिच्या काळात क्लबने चार वेळा बुंडेसलिगा ही जर्मन साखळी स्पर्धा जिंकली. तिचा सर्वांत भरघोस काळ हा मागच्या फळीतला आहे, हे नीट लक्षात घे.

मधल्या फळीतल्या खेळाडूला चहूबाजूंनी दडपण सोसत चेंडू घेण्याची सवय असते. तीच खेळाडू मागे आली, की सगळा खेळ तिच्या समोर उलगडतो आणि चेंडू मिळताच तो नुसता लांब भिरकावण्याऐवजी दोन खेळाडूंच्या मधून पुढे देता येतो. मात्र तिला नवे शिकावेही लागते. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना खांद्यावरून मागे पाहणे, शरीर अर्धे वळवून उभे राहणे, आघाडीची खेळाडू धावायच्या आत तिची धाव ओळखणे, आणि कधी पुढे झेपावायचे व कधी जागा धरून राहायचे हे क्षणात ठरवणे, हे सारे तुला अजून शिकायचे आहे. तू यातले काही शिकलीस का? नाही. मग जागेला नावे कशी ठेवतेस?

बचाव म्हणजे भित्रेपणा, असे मानणारे लोक पुष्कळ भेटतील. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्वीडनने अमेरिकेला पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढले, तेव्हा अमेरिकेच्या गोलरक्षक होप सोलो यांनी स्वीडनच्या संघाला भ्याड म्हटले होते. साखळीत ज्या ब्राझीलने स्वीडनला ५-१ असे लोळवले होते, त्याच ब्राझीलला उपांत्य सामन्यात, रिओच्या माराकाना मैदानातल्या गर्जणाऱ्या प्रेक्षकांसमोर, फिशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १२० मिनिटे एकही गोल करू दिला नाही. शूटआउट जिंकून स्वीडन अंतिम फेरीत गेला आणि रौप्यपदक घेऊन परतला. याला भ्याडपणा म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आले आहे.

होय, प्रशिक्षक म्हणून मीसुद्धा मुलींना मागे नेले आहे. चेंडूवर ज्यांची पकड चांगली आणि मैदान ज्यांना दिसते, अशाच मुलींना नेले. ‘आमच्या मुलीचे नाव पेपरात येत नाही’ म्हणून पालक माझ्यावर चिडले आणि काही गुणी मुली खेळ सोडून गेल्या. त्यांची आठवण आली की आजही मन खट्टू होते. तरीही मी तेच करीन, कारण संघातल्या सर्वांत समंजस मुलीला चेंडूपासून लांब ठेवण्यात मला कधीच अर्थ दिसला नाही. तुझ्या प्रशिक्षकांनीही असाच विचार केला असेल, असे मला वाटते. त्यांना जाऊन विचार, पण तक्रारीच्या सुरात विचारू नकोस.

२०१९ च्या विश्वचषकात कांस्यपदकाचा सामना नीस शहरात इंग्लंडशी झाला. स्वीडन २-१ असा पुढे होता आणि सामना संपत आला असताना लुसी ब्राँझने मारलेला चेंडू गोलमध्ये जाणार, तोच चौतिशीतल्या फिशरने तो गोलरेषेवर डोक्याने अडवला. तिच्या नावावर गोल लागला नाही, पण पदक राखले गेले. मिळालेली जागा पुरती शिकलेली खेळाडू त्या क्षणी तिथे पोहोचते.

या आठवड्यात ब्राझीलविरुद्धच्या त्या उपांत्य सामन्याचे चित्रीकरण मिळव. चेंडूकडे पाहू नकोस, फक्त फिशरकडे पाहा. चेंडू तिच्यापासून दूर असताना ती काय करते ते लिहून काढ आणि मला पाठव. खेळ सोडण्याविषयी आपण त्यानंतर बोलू.

तुझी,
ताई