देव सर्वशक्तिमान आणि दयाळू, हे मनाला पटेनासं झालं तर?

तुम्ही लिहिलंय, "देव सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, हे आता पटत नाही. पण तसं मनात आलं तरी अपराधी वाटतं. घरी सांगायची भीती वाटते. काय करू?"

माझा विश्वास पुस्तक वाचून गेला नाही, म्हणून आधी घडलं ते सांगतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू कपाशीचं. मी १३ वर्षांचा होतो, धाकटा भाऊ ७. तान्ह्या पोळ्याला दिवसभर तो लाकडी नंदी सुतळीनं ओढत घरोघर फिरला. रात्री नंदी उशाशी ठेवून भुईवर अंथरलेल्या वाकळीवर झोपला. मध्यरात्री पोट दुखतं म्हणून उठला. पुरणपोळी जास्त झाली असेल, म्हणून आईनं ओवा दिला. पहाटे त्याच्या पापण्या उचलेनात. शेजारची मोठी माय म्हणाली, "पान लागलं असंन." म्हणजे साप चावला असेल. मारोतीच्या पारावर नेलं, कडू लागतो का पाहायला कडुनिंबाचा पाला तोंडात घातला. त्याला गिळताच येईना. जीप मिळेपर्यंत उजाडलं. तालुक्याला पोचेपर्यंत तो गेला होता.

तेरवीपर्यंत येणारा प्रत्येक जण आईला एकच सांगायचा. "देवाची मर्जी बाई, त्याले आवडला तो."

मी त्या वाक्यावर अडकलो. देवाला तो साप थांबवता येत होता आणि त्यानं थांबवला नाही, तर त्याला दयाळू कसं म्हणायचं? थांबवायचा होता पण जमलं नाही, तर तो सर्वशक्तिमान कसा? हाच पेच २३०० वर्षांपूर्वीच्या एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितला जातो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा जरा बरं वाटलं. आपण काही पाप करत नव्हतो.

आपल्याकडेही हा प्रश्न जुनाच आहे. ब्रह्मसूत्रात (२.१.३४) ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येतो का, याचीच चर्चा आहे. तिथं उत्तर आहे कर्माचं. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांना सारखाच, पीक मात्र ज्याच्या त्याच्या बियाण्याप्रमाणे येतं, तसं फळ ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. मी कास्तकाराचा पोरगा, मला हा दाखला पटत नाही. पाऊस सारखा कुठं पडतो? एकाच शिवारात धुऱ्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट झाली, तिनं बियाणं पाहून गहू-हरभरा झोडपला नाही. आणि ७ वर्षांच्या पोराच्या मरणाला त्याचंच मागच्या जन्मीचं कर्म कारण म्हणायचं, म्हणजे गेलेल्या पोरावरच ठपका ठेवायचा. आईला कोणीतरी हेही सांगितलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

"माणसाला स्वातंत्र्य दिलंय, म्हणून जगात दुःख आहे" हे उत्तरही ऐकलं. माणूस माणसाला छळतो तिथं ते थोडं लागू पडतं. मण्यार सापाला ते कसं लावणार?

खरं तर पंढरीचा विठोबा मला कधीच असा सर्वसत्ताधीश वाटला नाही. जनाबाईसोबत दळू लागणारा तो देव. दळणाचा भार तो हलका करतो, दळण चुकवत नाही. आई त्याला सोबती मानते. त्या नात्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण "देवाची मर्जी" या शब्दांशी आहे, कारण त्यांनी आमच्या घरातले सगळे प्रश्न बंद केले. पोरं भुईवर का झोपत होती? पाराऐवजी आधी दवाखाना का नाही? रात्री गाडी का मिळाली नाही? पुढं एका डॉक्टरांनी समजावलं की मण्यार बहुधा झोपेतच चावते, फारसं दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या मिटतात, मग श्वास बंद पडतो. सापाचं इंजेक्शन आणि श्वासाचा आधार वेळेत मिळाला तर माणूस वाचू शकतो. हे ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो.

अपराधी वाटण्याबद्दल: अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना देवाबद्दल उलट प्रश्न विचारत, देवापुढच्या पशुहत्येवर कोरडे ओढत, आणि देवळांऐवजी धर्मशाळा बांधत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्म स्वीकारला. २२ प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. आमच्या गावातली बौद्ध घरं सृष्टिकर्त्या देवाशिवाय नीतीनं जगताना मी लहानपणापासून पाहतोय. देव मानला नाही की माणूस बिघडतो, ही भीती मनातून काढून टाका.

घरी सांगायचंच असं नाही. मी आईला "देव नाही" असं कधी म्हटलं नाही. फक्त हट्ट धरून घरात सगळ्यांना झोपायला बाजा, म्हणजे खाटा केल्या, पावसाळ्यात मच्छरदाणी आणि उशाशी टॉर्च ठेवायला लावला. नंदी अजून तिच्या देव्हाऱ्यात आहे, पोळ्याला ती त्याला हळद-कुंकू लावते.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला निंदणात पान लागलं. माणसं तिला पाराकडे नेत होती. आई आडवी झाली. "आंधी दवाखान्यात न्या. मारोतीले नारय मी मंग फोडतो." पोरगी वाचली, आणि आईनं नारळ फोडला. मीही तिच्यासोबत पारावर गेलो होतो.