पहिल्या स्पॅरिंगच्या आधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. येत्या शनिवारी तू प्रथमच बॉक्सिंगच्या स्पॅरिंगसाठी, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीसाठी, रिंगमध्ये उतरणार आहेस आणि त्या विचाराने झोप उडाली आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. ही धाकधूक मला दोष वाटत नाही. सरावाची टांगलेली बॅग उलट ठोसा मारत नाही आणि माणूस मारतो, हा फरक शरीराला मनाच्या आधी उमगतो. मात्र समोरच्यावर मात कशी करायची, हे तू पत्रात तीनदा विचारले आहेस आणि तेथेच मला तुला थांबवावेसे वाटते. स्पॅरिंगमध्ये हार-जीत नसते. जे तुला बॅगवर आणि प्रशिक्षकांनी हातात धरलेल्या पॅडवर शिकायला मिळाले, ते हलत्या माणसासमोर कितपत टिकते, एवढेच त्यात पाहायचे असते.

म्हणून पहिल्या दिवशी दोनच कामे अंगावर घे: डोळे उघडे ठेवणे आणि श्वास चालू ठेवणे. ठोसा येताना डोळे मिटतात आणि मान वळते, ही उपजत प्रतिक्रिया आहे. पण डोळे मिटले की पुढचा ठोसा दिसत नाही, आणि न दिसलेला ठोसाच सर्वांत जास्त लागतो. श्वासाचेही तसेच. माझ्या पहिल्या राउंडमध्ये मी नकळत श्वास कोंडून धरला होता आणि मिनिटभरातच माझे हात इतके जड झाले की गार्ड, म्हणजे बचावासाठी चेहऱ्यापुढे धरायचे हात, हनुवटीपर्यंत उचलवेना. तेव्हा माझा दम कमी पडला असे मी समजत होतो, पण तसे नव्हते. प्रत्येक ठोशाबरोबर छोटा, आवाज होईल असा उच्छ्वास सोडण्याची सवय आजपासूनच शॅडो बॉक्सिंगमध्ये, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याच्या सरावात, लाव, म्हणजे शनिवारी ती आठवावी लागणार नाही. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर हात सरळ गालापाशी परत आण, आणि घाबरल्यावर पाठ मात्र कधीही फिरवू नकोस.

साहित्याबाबत थोडक्यात सांगतो. प्रौढांसाठी स्पॅरिंगला साधारणपणे 16 औंसाचे ग्लोव्ह्ज वापरतात; बॅगसाठीचे हलके, दबलेले ग्लोव्ह्ज घालून समोरच्याला मारणे हा त्याच्यावर अन्याय आहे. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर नीट बसवून घे आणि तो घालून दोन दिवस सराव कर, कारण नवा माउथगार्ड श्वासाला अडथळा वाटतो. नखे काप, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर प्रशिक्षकांना आधी सांग, आणि जेवण दोन-तीन तास अगोदर उरक.

रिंगमध्ये जाण्यापूर्वी जोडीदाराशी बोलणे मला या सर्वांहून महत्त्वाचे वाटते. माझी पहिलीच वेळ आहे, आपण हलक्या हाताने खेळू, असे स्पष्ट शब्दांत सांगण्यात कमीपणा नाही. शक्य असेल तर पहिला राउंड फक्त जॅबचा ठेवण्याची विनंती प्रशिक्षकांना कर. एखादा ठोसा जोरात बसला की रागाने त्याहून जोरात परतफेड करण्याची ऊर्मी येते, मग समोरचाही जोर वाढवतो आणि पाहता पाहता सरावाची मारामारी होते. अशा वेळी हात वर करून थांब आणि जोर कमी करायला सांग. ते ऐकले जात नसेल, तर रिंगमधून बाहेर ये. जो प्रशिक्षक यावर तुला हिणवेल, त्याच्याकडे शिकू नये असे माझे ठाम मत आहे.

शेवटची गोष्ट डोक्याची, आणि तिच्यात मी कोणतीही सवलत देणार नाही. हेडगार्डमुळे कापणे, खरचटणे कमी होते, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. 2013 मध्ये जागतिक हौशी बॉक्सिंगच्या वरिष्ठ पुरुष गटातून तो काढूनही टाकण्यात आला. ठोसा लागल्यावर डोकेदुखी, मळमळ, चक्कर, धूसर दिसणे, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्या दिवसाचे स्पॅरिंग तेथेच संपले असे समज, डॉक्टरांना दाखव आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा रिंगमध्ये उतरू नकोस. त्या रात्री घरी एकटे राहू नकोस. सगळे सुरळीत पार पडले, तरी रविवारी मला कळव. डोळे किती वेळा मिटले, ते आवर्जून लिही.

तुझा हितचिंतक