मारल्यानंतर तुम्ही आधी कोणाकडे पाहता?

‘घरी अगदी शहाण्यासारखा असतो, पण चार मुलांत नेला की मारतो, चावतो, ढकलून देतो. आमच्या घरात कोणी कोणावर हात उगारत नाही, मग हे आलं कुठून?’ दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका आईची हकिगत सांगते. तिला आपण सायली म्हणू आणि मुलाला ओजस. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

सायली पहिल्यांदा माझ्याकडे सल्ल्यासाठी आली तेव्हा ओजस दोन वर्षे पाच महिन्यांचा होता. सोसायटीच्या बागेत त्याने एका मुलीच्या दंडाला चावा घेतला होता, आणि त्यानंतर काही आया तो दिसताच आपल्या मुलांना उचलून घेऊ लागल्या होत्या. घरात सल्ल्यांची कमतरता नव्हती. ‘एकदा त्याला चावून दाखव, म्हणजे कळेल,’ असे सासूबाईंचे म्हणणे होते, तर नवऱ्याच्या मते एक फटका पुरेसा होता. ‘मारकुटा’ हा शब्द आता ओजससमोरच वापरला जात होता.

मी तिला आधी एवढेच सांगितले, की मारणे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. न मारणे शिकवावे लागते. कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा करून दाखवले आहे, की शारीरिक आक्रमकता साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि पुढे बहुतेक मुलांत ती ओसरत जाते. या वयात इच्छा मोठ्या माणसाइतकी तीव्र असते, शब्द मात्र हाताशी नसतात, आणि आवेग आवरणारा मेंदूचा भाग तर पुढे कित्येक वर्षे घडतच असतो.

हे ऐकून तिला हायसे वाटले, पण बागेतले प्रसंग थांबले नाहीत. मग मी तिला एक वही करायला सांगितली: प्रसंग किती वाजता घडला, जवळ कोण होते, त्याच्या अगदी आधी काय झाले. दोन आठवड्यांनी आम्ही ती वही एकत्र वाचली. बहुतेक प्रसंग संध्याकाळी साडेसहानंतरचे होते, म्हणजे दुपारची झोप अर्धवट झालेली आणि पोट रिकामे असतानाचे. आणि बरेचसे घसरगुंडीच्या पायऱ्यांवरचे, जिथे मागून कोणीतरी अगदी अंगाला खेटून उभे असते.

वही मिटताना मी सहज विचारले, ‘त्याने मारल्यानंतर तुम्ही आधी कोणाकडे पाहता?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘त्या मुलाच्या आईकडे.’

‘नंतर?’

‘त्या मुलाकडे. कुठे लागलं ते बघते.’

‘आणि ओजसकडे?’

‘त्याच्याकडे बघतच नाही, मॅडम. त्याचं मनगट धरते आणि सॉरी म्हण, सॉरी म्हण, एवढंच करते. खरं तर बागेत शिरतानाच मी त्याचं मनगट घट्ट धरलेलं असतं.’ एवढे बोलून तिने स्वतःच्याच मनगटाकडे पाहिले आणि तिला रडू फुटले.

इतक्या वर्षांच्या कामात मला खरे समाधान अशा क्षणांनी दिले आहे, कारण तिथे उत्तर माझे नसते, आईला तिचे स्वतःचे सापडलेले असते. मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील जिव्हाळ्याच्या बंधाचा सिद्धान्त मांडणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांवर माझी घडण झाली. मूल घाबरले वा गोंधळले, की ते सुरक्षित आसऱ्याकडे धाव घेते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. चावा घेतल्यानंतर ओजसही घाबरलेला असे, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचा आसरा इतर आयांसमोर लाजेने चूर झालेला असे. त्याच्या वागण्याइतकीच सायलीची ही लाज आमच्या कामाचा विषय आहे, हे मलाही त्या दिवशीच नीट उमगले.

पुढे आम्ही जे ठरवले, ते कोणत्याही घरात करता येईल. बागेत जाण्यापूर्वी केळे किंवा पोळीचा लाडू असे काही पोटात जावे आणि वीस-पंचवीस मिनिटांत, खेळ चांगला चाललेला असतानाच परतावे. मनगट न धरता हाताच्या अंतरावर राहावे, म्हणजे हात उगारताच तो हवेतच धरता येतो. त्याच्या उंचीला बसून ‘मारू देणार नाही. त्याला लागतं,’ असे थोडक्यात सांगावे; लांबलचक समजूत या वयात पोहोचत नाही. दुसऱ्या मुलाला लागले असेल तर आधी त्याची विचारपूस करावी, आणि ती ओजसला जवळ घेऊनच करावी. चाव्याने कातडी फाटली असेल तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. जबरदस्तीच्या ‘सॉरी’पेक्षा ‘माझं’, ‘सरक’, ‘मला दे’ हे तीन शब्द घरी खेळताना घोटून घ्यावेत, कारण मूल हातांनी जे करते, ते काम खरे तर या शब्दांनी करायचे असते. चावून दाखवणे आणि फटका देणे हे दोन्ही मी स्पष्टपणे नाकारते. मोठ्याने लहानाला दुखवले तर चालते, हाच धडा त्यातून मिळतो.

मात्र दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल किंवा स्वतःलाच इजा करत असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि कानांची तपासणीही करून घ्यावी.

तीन महिन्यांनी सायलीचा फोन आला. भाचीच्या वाढदिवसाला ओजसने पुन्हा एका मुलाला ढकलले होते. ‘सगळे बघत होते,’ ती म्हणाली, ‘पण मी आधी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याचकडे बघत उभा होता.’