प्राचीन इतिहास शिकवायला रोल-प्ले खरंच उपयोगी पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदवीच्या वर्गाला प्राचीन भारत शिकवताय, मुलं सनावळ्यांना कंटाळलीत, परदेशातल्या विद्यापीठांत ऐतिहासिक भूमिका देऊन खेळ खेळवतात असं वाचलंय. आपल्याकडं ते जमेल, की नुसतं गॅदरिंग होईल?

जमतं. गॅदरिंग व्हायची भीतीही खरी आहे. मी कोल्हापुरात इतिहास शिकवतो. इथं मुलांना ‘भूमिका घ्या’ म्हटलं की पहिला प्रश्न फेट्याचा येतो, दुसरा तलवारीचा. म्हणून पोशाख नाही, पाठ केलेले संवाद नाहीत आणि शिवकाल तर नाहीच. शिवकालात शेवट सगळ्यांना ठाऊक असतो आणि समोरची बाजू घ्यायला कुणी धजत नाही. दोन हजार वर्षं मागं गेलं की मुलं मोकळी होतात. नहपान या शक राजाची बाजू मांडली म्हणून कट्ट्यावर कुणी जाब विचारत नाही.

तुम्ही वाचलीय ती पद्धत बहुधा न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातली असावी. १९९०च्या दशकात मार्क कार्न्स यांनी ती तिथं सुरू केली. त्यातल्या एका खेळात वर्ग म्हणजे इ. स. पू. ४०३ मधली अथेन्सची सभा. तीस जुलूमशहांची राजवट नुकतीच उलथलेली, आता लोकशाही कितपत ठेवायची, सॉक्रेटिसचं काय करायचं, यावर गटागटांत भांडण. प्रत्येकाला एक माणूस आणि त्याचं उद्दिष्ट दिलेलं असतं, पण भाषणाला आधार त्या काळच्या लिखाणातून शोधावा लागतो. शेवट ठरलेला नसतो. सॉक्रेटिस सुटूही शकतो.

मी अथेन्स आणत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात सगळा मसाला तयार आहे, आणि इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी सातवाहन राजे आणि त्यांचे प्रतिस्पर्धी क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ते, यांचे कोरीव लेख मराठीत आणून ठेवलेत, त्यामुळं प्राकृत न येणाऱ्या मुलांचंही अडत नाही. त्यातला नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख घ्या. त्यानं लेण्याजवळच्या गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं, म्हणजे धंद्याच्या संघटनांकडं, मिळून ३,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेवली. २,००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापणं. हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं गेलं आणि फलकावर नोंदवलं गेलं, असंही लेख सांगतो. फळ्यावर हिशेब करायला लावा: महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २० म्हणजे बरोबर १२. पतसंस्थेतल्या कायम ठेवीसारखं हे प्रकरण आहे हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

आता खेळ. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केलाय. गोवर्धनची निगमसभा बसलीय. प्रश्न एकच: हरलेल्या राजाच्या जावयानं ठेवलेल्या या ठेवीचं काय करायचं? पाळायची, मोडायची की नव्या राजाच्या हवाली करायची? काही मुलं विणकर, काही भिक्षू, काही व्यापारी, एक नवा अमात्य (राजाचा अधिकारी) विष्णुपालित, एक जुन्या राजवटीतला शक अधिकारी आणि सभेचा लेखक. व्यापाऱ्यांची अडचण वेगळी: पेटीतल्या नाण्यांवर नहपानाचा चेहरा आहे, उद्या ती चालतील का?

हा प्रश्न मी मुद्दाम निवडलाय. ठेवीचं पुढं काय झालं ते कोणताच लेख सांगत नाही, त्यामुळं पुस्तकातून उत्तर चोरता येत नाही. पण आजूबाजूचा पुरावा भरपूर आहे, म्हणून थापाही मारता येत नाहीत. नियम एकच, पण कडक: लेखातली ओळ, नाणं किंवा उत्खननातली वस्तू दाखवल्याशिवाय मुद्दा धरला जाणार नाही. ‘महाराजांचा विजय असो’ला शून्य गुण.

मजा कुठं येते सांगतो. विणकरांच्या गटात एकदा इचलकरंजीच्या, घरी यंत्रमाग असलेल्या मुलीला घातलं होतं. ती म्हणाली, “सर, मुद्दल कधीच परत द्यायचं नाही, पण व्याज कायमचं द्यायचं, म्हणजे धंदा बसला तरी? असलं कर्ज आमचे पप्पा घेणार नाहीत.” मग अख्खा वर्ग श्रेणी म्हणजे नेमकं काय, तिची पत कशावर, लढाईत सूत कुठून यायचं यावर भांडायला लागला. श्रेणीव्यवस्थेवर मी तासभर बोललो असतो तरी हा प्रश्न निघाला नसता.

मतदान झालं की खेळ संपतो आणि खरा तास सुरू होतो. हा तास गाळलात तर सगळं फुकट. त्यात मी खरे कागद, म्हणजे दगड, पुढं ठेवतो. अठराव्या राज्यवर्षात गौतमीपुत्र विष्णुपालिताला कळवतो, की उषवदाताकडं असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आता लेण्यातल्या भिक्षूंना द्यायचं. चोविसाव्या वर्षी राजा आणि राजमाता यांच्या नावानं नवा हुकूम निघतो: ते शेत कसलं जात नाही, गाव ओस आहे, म्हणून नगराच्या हद्दीतली १०० निवर्तनं राजकीय जमीन द्या. गाव ओस का पडलं, हे लेख सांगत नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलाय. राजा बदलला तरी चांदी तीच आणि लेण्याला दानही चालूच. ‘सत्तांतर’ या धड्यात हे येत नाही.

कोल्हापूरजवळ असाल तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात वर्ग नेऊन या. कोल्हापुरातच ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. व्यापाऱ्याची भूमिका करणाऱ्याला ती आधी दाखवा, मग तो बोलताना समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक विसरत नाही. इथल्या प्राचीन कुर राजांच्या नाण्यांवरही पुनर्मुद्रण (जुन्या नाण्यावर नवा ठसा) सापडतं, त्यामुळं नाशिकचा मुद्दा घरचा होतो.

यातून कालक्रम शिकवला जात नाही. सातवाहनांची कालगणना, क्षत्रप कुठून आले, हे व्याख्यानातच सांगावं लागतं आणि खेळाच्या आधी. दुसरी अडचण बडबड्यांची. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेला एखादा पोरगा अख्खी सभा खाऊन टाकतो. त्याला सभेचा लेखक करा, लिहिता लिहिता गप्प बसतो. न बोलणाऱ्यांना लेखी अर्ज करायची मुभा ठेवा. भिक्षुसंघाचे सगळ्यात धारदार मुद्दे मला अशा अर्जांतूनच मिळालेत.

गुण भाषणाला देऊ नका, जिंकण्याला तर नकोच. अंतर्गत मूल्यमापनासाठी मी प्रत्येकाकडून दोन पानं लिहून घेतो: आपल्या सभेत जे घडलं त्यातलं किती पुराव्यावर उभं होतं आणि किती आपण पदरचं घातलं. पदरचं ओळखणाऱ्याला जास्त गुण. तयारीला एक तास, सभेला दोन, चर्चेला एक धरा. वर्ग साठाचा असेल तर दोन सभा वेगवेगळ्या बसवा. निकाल बहुतेक वेळा वेगळे येतात, आणि मग चर्चेच्या तासाला तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही.