जुन्या रंगीत निगेटिव्ह स्कॅन केल्यावर फोटो निळसर येतात, काय करावं?

आईबाबांच्या लग्नाचे रोल स्कॅन केले तर सगळं निळसर दिसतंय, आणि 'ऑटो कलर' दाबलं की हळदीचे फोटो आणखी बिघडतात, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक रंग उडालेले नाहीत. निगेटिव्हचा नारिंगीपणा फिल्म बनवतानाच मुद्दाम घातलेला असतो. सायन आणि मॅजेंटा रंगद्रव्यांतली अशुद्धी तो भरून काढतो. स्कॅनचे रंग नुसते उलटे केले की त्याच नारिंगीचा निळा होतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या ऑटो दुरुस्त्या बंद करा, एक्स्पोजर अख्ख्या रोलला एकच ठेवा आणि ४८ बिटची टिफ फाइल घ्या. जेपेगला एवढी ओढाताण सोसत नाही. फ्रेमच्या कडेची कोरी फिल्मही थोडी येऊ द्या. गिम्प या फोटो सुधारायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये रंग उलटे करून लेव्हल्स (उजेड-अंधाराचा आलेख आणि त्याखाली सरकवायच्या खुणा) उघडा आणि लाल, हिरवा, निळा हे चॅनल एकेक करून घ्या. कोरी फिल्म काळी होईपर्यंत डावं टोक आत ओढा, आलेख संपतो तिथवर उजवं. निळेपणा बराचसा इथेच जातो, उरलेला मधल्या खुणेने काढायचा.

पण हे हळदीच्या फ्रेमवर करू नका! ऑटो कलर चित्राची सरासरी करडी असावी असं धरून चालतं, त्यामुळे पिवळ्याने भरलेल्या फ्रेममध्ये ते निळा ओततं. हातानेही तेच होतं: तिथे निळ्याचा आलेख लवकर संपतो, तो ताणला की हळदच पुसली जाते. त्याच रोलमध्ये फ्लॅशने काढलेली, काळेभोर केस आणि पांढरी टोपी दोन्ही असलेली फ्रेम शोधा. तिच्यावर बसवलेले आकडे सेव्ह करून हळदीच्या फ्रेमला जसेच्या तसे लावा. सावलीतलं धोतर मात्र पांढरं धरू नका, ते खरोखरच निळसर असतं.

चेहऱ्यावर आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं साधन) ठेवून आकडे बघा. लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, निळा सगळ्यात कमी असायला हवा. फ्लॅशमध्ये चेहरे नीट आले आणि मागचा मांडव ट्यूबलाइटने हिरवट आला असेल, तर मी तो तसाच ठेवतो. डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या फिल्मवर ट्यूबलाइट तशीच उमटते, आणि ती घालवायला गेलं की चेहरे गुलाबी होतात.

एवढं करूनही अंधाऱ्या भागात एक छटा आणि उजळ भागात दुसरीच दिसली, तर फिल्मचे तीन थर कमीजास्त विटले आहेत असं समजा. मग लेव्हल्स पुरत नाहीत; प्रत्येक चॅनलचा कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारी वाकवता येणारी रेघ) दोन-तीन ठिकाणी धरून वेगळा वाकवावा लागतो.